शनिवारचे तीन ठोके

१

शनिवारी सकाळी प्रोकोपीला जाग यायची ती पांघरूण डोक्यावर ओढतच. डोळे अजून मिटलेले असायचे, पण आज शनिवार आहे हे अंगाला आधीच कळलेलं असायचं. खोलीत उबेचा कोंदट वास, खिडकीच्या काचेवर आतून बोटभर जाडीचा बर्फ आणि काचेपलीकडे उणे पन्नास. त्यात उठून चौदा किलोमीटर पळायचं. सात जायचे, सात यायचे, सायबेरियातल्या गोठलेल्या लेना नदीवरून, ट्रकांसाठी बर्फावर आखलेल्या रस्त्याने.

तो पडून राहायचा आणि सबबी शोधायचा. गुडघा दुखतोय. रात्रपाळी करून आलोय. रेडिओवर सांगितलं, थंडीमुळे शाळांना सुटी आहे. जी थंडी पोरांना सोसत नाही ती त्रेपन्न वर्षांच्या माणसाने कशाला अंगावर घ्यायची? यातली एकही सबब खोटी नसायची, तीच तर पंचाईत होती.

यातून बाहेर पडायची एकच वाट होती. घर दोन बिऱ्हाडांचं, ओंडके रचून बांधलेलं. मधल्या भिंतीपलीकडे केशा राहायचा. त्याचं खरं नाव इन्नोकेन्ती, पण त्या नावाने त्याला फक्त पोस्टातली बाई हाक मारायची. गरम पाण्याचा पाइप दोन्ही बिऱ्हाडांतून आरपार गेलेला होता आणि प्रोकोपीच्या उशाशी त्या पाइपजवळ खिळ्याला एक ॲल्युमिनियमचा चमचा टांगलेला असायचा. प्रोकोपी पांघरुणातून एक हात बाहेर काढायचा आणि पाइपवर तीन ठोके द्यायचा. थोडा वेळ काहीच नाही. मग पलीकडून तीन ठोके.

झालं. आता लोळत पडायची सोय उरली नाही. वीस मिनिटांनी बॉयलरघराच्या कोपऱ्यावर केशा येऊन उभा राहणार, आणि असल्या थंडीत माणसाला ताटकळत ठेवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

ही युक्ती केशाचीच. दोन वर्षांपूर्वी प्रोकोपीची बायको लुकेर्या गेली. त्या हिवाळ्यात प्रोकोपी कामावर जायचा, परत यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. एका शनिवारी पाइप वाजायला लागला. त्याने उशी डोक्यावर ओढली. पाइप थांबेना. शेवटी तो चिडून शेजारच्या दारात गेला, तर केशा पळायचे कपडे चढवून, गालांना हंसाची चरबी चोपडून तयार.

"काय लावलंयस हे सकाळी सकाळी?"

"चल पळायला."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"माझं फिरलंय, तुझं बंद पडलंय. माझं बरं." केशाने गळपट्टा नाकावर ओढला. "हे बघ प्रोन्या, तुला पळायला आवडणार नाही. मला तरी कुठे आवडतं? पण तू असाच गादीला चिकटून राहिलास तर बर्फ वितळायच्या आत तुला गादीसकट बाहेर काढावं लागेल. आणि माझी कंबर धड नाही."

तेव्हापासून एकही शनिवार चुकला नव्हता. पळताना बोलायचं नाही, हा नियम. तोंड उघडलं की गारठा सुरीसारखा छातीत उतरतो. डोळ्यांपुरती फट ठेवून तोंड बांधायचं, टोपी भुवयांवर ओढायची आणि निघायचं. केशा कायम डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे. परतल्यावर मात्र केशाच्या स्वयंपाकघरात दूध घातलेला चहा, त्याच्या बायकोने, अक्सिन्याने, केलेली जाड धिरडी आणि बोलणंच बोलणं.

त्या शनिवारांनी आपल्याला जिवंत ठेवलं, असं प्रोकोपी कधी कोणाजवळ म्हणाला नाही. केशाला ते ठाऊक होतं.

२

त्या वर्षी नोव्हेंबर संपता संपता गावातल्या बॉयलरघराचा दोन नंबरचा बॉयलर बसला. प्रोकोपी तिथे सव्वीस वर्षं पाइपवाल्याचं काम करत होता. सगळं गाव एका बॉयलरवर आलं. चोवीस चोवीस तास पाळी, मग घरी येऊन मेल्यासारखं झोपायचं, पुन्हा पाळी. शेजारी कोण आहे, कोण नाही, बघायला फुरसत नव्हती. फक्त शनिवारची सकाळ त्याने भांडून मागून घेतली होती.

शनिवार नेहमीसारखे चालले होते. ठोके दिले, ठोके आले. कोपऱ्यावरच्या दिव्याखाली केशा उभा असायचा. धुकं असं दाट की दिवा म्हणजे नुसता पिवळा डाग. दोघं निघायचे आणि परत यायचे. एकच फरक होता. परतल्यावर केशा चहाला बोलवत नव्हता. कोपऱ्यावर हात वर करायचा आणि धुक्यात शिरायचा. प्रोकोपीला वाटलं, बरं झालं, मी दमलेला दिसतो म्हणून हा मला झोपायला सोडतोय.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पळून झाल्यावर तो दिव्याखाली वाकून धापा टाकत उभा होता. पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या त्याने बोटांनी सोडवल्या. गळपट्टा लाकडासारखा कडक झाला होता आणि हनुवटीखाली बर्फाची दाढी लोंबत होती. चौदा किलोमीटर माणूस तोंडाने वाफ सोडतो, ती सगळी तिथेच गोठते. टोपीच्या कडा, भुवया, खांदे, सगळं पांढरंफेक.

त्याने वर बघितलं. केशाने हात वर केला होता. केशाचा गळपट्टा गडद लाल होता, अक्सिन्याने विणलेला. तो लालच होता. त्यावर बर्फाचा एक कण नव्हता. आत्ता कपाटातून काढून गुंडाळावा तसा कोरा.

प्रोकोपी काही म्हणेपर्यंत केशा धुक्यात गेला होता.

घरी येऊन त्याने चहा टाकला आणि स्वतःला समजावलं. लोकर वेगळी असेल. अक्सिन्याने काही तेलबिल लावलं असेल. मग कपाला हात शेकत असताना त्याच्या धंद्यातली साधी गोष्ट त्याच्या मनात आली. ओल आणि ऊब जिथून बाहेर पडते तिथे बर्फ धरतो. सव्वीस वर्षं तो गळके पाइप असेच शोधत आला होता. बर्फ धरला नाही, तर तिथून काही बाहेरच पडत नाही.

तो उठला आणि दोन दिवसांची भांडी घासायला लागला.

३

पुढच्या शनिवारी ठोके लगेच आले. इतके लगेच, की जणू पलीकडे कोणी पाइपला कान लावून बसलं होतं.

आणि ते धातूचे नव्हते. केशाकडे ठोके द्यायला वाढायचा लोखंडी डाव असायचा, त्याचा आवाज ठणठणीत. हे बोटाच्या पेरांनी दिल्यासारखे होते, मऊ. पण पाइप सत्तर अंशांवर होता. त्याला पेर टेकवून दाखवावं कोणी.

प्रोकोपी पलंगाच्या कडेला बसून राहिला. मग त्याने मोजे चढवले. दुसरं काय करणार? कोपऱ्यावर माणूस उभा असणार होता.

तो उभा होताच.

नदीवर उतरल्यावर गावाचे आवाज मागे पडले. बर्फावर पावलं करकरत होती, चार पावलं, एका तालात. थंडी पन्नासच्या खाली गेली की श्वास बाहेर पडताक्षणी गोठतो आणि कानाजवळ बारीक सळसळ होते, सुपातून धान्य सांडावं तशी. लहानपणापासून ऐकलेला आवाज. प्रोकोपी आपली सळसळ ऐकत पळत होता. तिसऱ्या किलोमीटरला त्याच्या लक्षात आलं की आपण एकच सळसळ ऐकतोय.

त्याने श्वास रोखला. एक, दोन, तीन... दहा पावलं. धुकं गप्प होतं. पावलं चार वाजत होती. सळसळ नव्हती.

छाती फुटायला आली तेव्हा त्याने श्वास सोडला. मान किंचित डावीकडे वळवली. लाल गळपट्टा दिसला. गळपट्ट्यावरच्या फटीपर्यंत नजर न्यायची त्याला हिंमत झाली नाही. टोपीमुळे काही दिसलं नसतंच, असं त्याने मनाशी म्हटलं.

सात किलोमीटरवर रस्ता फुटतो तिथे एक लोखंडी खांब रोवलेला आहे. केशा दर खेपेला त्या खांबाला लाथ घालायचा आणि मगच वळायचा. आज सोबत्याने खांबाला वळसा घातला, जितका हवा तितकाच, आणि पुन्हा डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे आला.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच होती. प्रोकोपी कधी नव्हे इतका सुरेख पळाला. पाय हलके, श्वास मोकळा. घरी येऊन घड्याळ पाहिलं तर चार मिनिटं कमी लागली होती. भीती वाटत होती, पण त्या धुक्यात एकटं असण्याची भीती तिच्याहून मोठी होती. सोबत होती. कोणाची होती, हे विचारायची त्याला घाई नव्हती.

४

मंगळवारी दुपारी तो पाळीवरून परतत होता. दारापाशी नदीच्या बर्फाच्या लाद्या रचून ठेवलेल्या असतात, त्याच वितळवून पिण्याचं पाणी करायचं. अक्सिन्या त्यातली एक लादी ओढत होती आणि ती तिला उचलत नव्हती. हे काम कायम केशाचं.

"सोड, मी घेतो," प्रोकोपी म्हणाला. "तो आळशी कुठे गेला?"

अक्सिन्याने लादी सोडली आणि दार उघडून धरलं.

लादी घेऊन तो आत गेला. केशा स्वयंपाकघरात खिडकीपाशी घोंगडी गुंडाळून बसला होता. गाल आत गेलेले, मनगटं काटकीसारखी. प्रोकोपीच्या हातातली लादी खाली ठेवायची राहून गेली.

"अरे, हे काय झालंय तुला? शनिवारपर्यंत तर..."

"शनिवारपर्यंत काय?"

"आपण पळालो की! खांबापर्यंत."

केशा आणि अक्सिन्याने एकमेकांकडे पाहिलं. अक्सिन्याने येऊन त्याच्या हातातून लादी काढून घेतली आणि पिंपात टाकली.

"प्रोन्या," केशा म्हणाला, "मी वीस नोव्हेंबरनंतर पळालेलो नाही. खोकल्यातून रक्त पडलं. शहरातला डॉक्टर म्हणाला, या हवेत पुन्हा पळालास तर माझ्याकडे येऊ नकोस, सरळ शवपेटीवाल्या सुताराकडे जा." त्याने हसायचा प्रयत्न केला. "तुला सांगायला तोंड नव्हतं. तुला गादीतून मीच ओढून काढलं आणि मीच गादीत शिरलो."

"मग ठोके कोण देतं?"

शेगडीवरचं आधण गुरगुरत होतं.

"मला वाटलं, ही देते," केशा म्हणाला. "तुला वाईट वाटू नये म्हणून."

"आणि मला वाटलं, हाच उठून देतो," अक्सिन्या म्हणाली. "पहिल्या वेळी तसंच वाटलं. दुसऱ्या वेळी मी जागी होते. हा माझ्या शेजारी, याचा हात माझ्या हातात. तिकडून तुझे ठोके आले. मग इथून, या स्वयंपाकघरातून, तीन."

"मग?"

"मग बाहेरचं दार उघडलं. गारठा जमिनीवरून सरपटत पलंगापर्यंत आला. मग दार लागलं."

"उठून बघितलं नाहीत?"

"तू बघितलं असतंस?"

प्रोकोपी खाली बसला. "पाइपात हवा अडकली की ठोके येतात," तो म्हणाला. "एक बॉयलर बंद आहे. दाब खालीवर होतो. आवाज कुठून येतोय ते कळत नाही, चांगले चांगले फसतात..."

"आणि दारात?" केशाने विचारलं. "दारातपण हवा अडकते?"

लाल गळपट्टा दारामागच्या खुंटीवर होता. प्रोकोपीने उठून त्याला हात लावला. खोलीत घाम येईल इतकी ऊब होती आणि गळपट्टा बाहेरच्या लोखंडासारखा गार होता. त्याने हात झटकन मागे घेतला.

"तो जो कोण आहे, तो गेला की माझे पाय भरून येतात," केशा म्हणाला. आता तो हसत नव्हता. "इथे पडल्या पडल्या. तुम्ही खांबाशी पोचता तेव्हा मला धाप लागते, मला कळतं की खांब आला. दर शनिवारी मी थोडा कमी होतो. तू ठोके देऊ नकोस, प्रोन्या. तू बोलावलं नाहीस तर तो जायचा नाही. एवढं कर."

"नाही देणार."

"सोपं नाही ते तुला. मला माहितेय."

"नाही देणार म्हणालो ना!"

५

शुक्रवारी संध्याकाळी त्याने चमचा खिळ्यावरून काढला आणि स्वयंपाकघरातल्या खणात टाकला.

शनिवारी सवयीने नऊच्या सुमाराला जाग आली. दोन वर्षांत पहिल्यांदा उठायचं नव्हतं. याच सकाळसाठी तो किती वेळा तळमळला होता! आता ती मिळाली होती तर अंग गादीवर टेकत नव्हतं. काचेवरच्या बर्फात राखाडी उजेड भरत होता. तो छताकडे बघत पडला होता.

पाइपवर तीन ठोके पडले.

पलीकडून. मऊ, पेरांचे.

प्रोकोपीने उत्तर दिलं नाही. उताणा पडल्या पडल्याच त्याने पाइपवर तळहात टेकवला, चटका बसेपर्यंत. हवा अडकली की पाइप आतून थरथरतो. हा थरथरत नव्हता.

पुन्हा तीन ठोके. बराच वेळ काही नाही. पुन्हा तीन. विचारल्यासारखे.

मग शांतता पसरली आणि ती टिकली. त्याने हळूच श्वास सोडला. संपलं, असं त्याला वाटलं. केशाला भिंतीपलीकडून ओरडून सांगावं, संपलं रे.

त्याच्या स्वयंपाकघरात खण सरकला.

त्याने तो आवाज ओळखला. खण एका बाजूला अडतो, थोडा उचलून ओढावा लागतो. तसाच उचलून ओढला गेला. मग स्वयंपाकघरातल्या पाइपवर ॲल्युमिनियमच्या चमच्याचे तीन ठोके पडले. टण, टण, टण.

पलीकडून उत्तर आलं.

प्रोकोपीला हात हलवता येईना. खुंटीवरून जॅकेट निघाल्याची सरसर त्याने ऐकली. बुटात पाय गेल्याचे दोन धक्के ऐकले. आतलं दार उघडलं, मग बाहेरचं, आणि पांढरी थंडी जमिनीवरून लोळत पलंगापाशी आली. तिला कोळशाच्या धुराचा वास होता. दार अगदी हलक्या हाताने लागलं. लुकेर्याची झोप मोडू नये म्हणून प्रोकोपी असंच दार लावायचा.

मग तो खिडकीशी गेला. काचेवर तळहात दाबून धरला. नाण्याएवढं भोक पडलं, त्याला त्याने डोळा लावला. कोपऱ्यावर दिव्याचा पिवळा डाग होता आणि त्याखाली दोघं उभे होते. एकाच्या तोंडावर लाल पट्टा. दुसऱ्याचं जॅकेट करडं, पाठीवर बॉयलरघराची चमकती पट्टी. करड्या जॅकेटवाल्याने खांदे दोनदा उडवले, निघण्यापूर्वी प्रोकोपी उडवायचा तसे. मग दोघं नदीकडे पळत गेले आणि धुकं मिटलं.

त्याचं जॅकेट खुंटीवर होतं. बूट जागेवर होते. त्याने दोन्ही उचलून पाहिले, पुन्हा ठेवले, खरंच ठेवले ना ते पुन्हा पाहिलं.

अर्ध्या तासाने त्याच्या पोटऱ्या वळायला लागल्या. तो पलंगावर पडून राहिला आणि पडल्या पडल्या धापा टाकत राहिला. चादर घामाने भिजली. मग भिंतीवर धपाधप मुठी आपटल्याचा आवाज आला आणि अक्सिन्याची किंकाळी. तो उठायला गेला, तर पायांनी त्याला जमिनीवर टाकलं. सात किलोमीटर पळून आलेले पाय होते ते.

६

केशा खांबापाशी गेला. अक्सिन्याने तसंच सांगितलं. "'खांब आला,' म्हणाला, आणि लाथ मारावी तसा पाय झाडला. मग श्वास थांबला."

कबर खणायची तर जमीन दगडासारखी होती. तीन दिवस वर शेकोटी पेटवून ठेवली तेव्हा कुठे कुदळ आत शिरली. प्रोकोपीने स्वतःच्या हाताने केशाच्या गळ्यात लाल गळपट्टा बांधला. अक्सिन्याचा तसा हट्ट होता.

ती मुलीकडे शहरात निघाली, त्या सकाळी तिने दारात थांबून विचारलं, "तू ठोके दिलेस का?"

"नाही."

"मी ऐकले, प्रोकोपी. चमच्याचे. तुझ्या घरातून."

"मी नाही दिले, अक्सिन्या. लुकेर्याची शपथ."

इतक्या वर्षांत ती त्याला प्रोन्याच म्हणत आली होती.

"बरं," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. मागे वळून पाहिलं नाही.

रिकाम्या घरात पाणी राहिलं तर पाइप फुटतो. प्रोकोपीने त्या बाजूचं पाणी काढून टाकलं. मग करवत घेऊन भिंतीपाशी पाइप दोन ठिकाणी कापला, वीतभर तुकडा काढला आणि दोन्ही तोंडं बुजवली. आता इकडचं लोखंड तिकडच्या लोखंडाला लागत नव्हतं. आवाज जाणार कुठून आणि येणार कुठून?

हे काम करताना त्याच्या मनात एकच हिशेब घोळत होता. त्या शनिवारी आपलं बाहेरचं दार उघडलेलं आपण ऐकलं. मग दिवसभर तो कान देऊन पडला होता, रविवारीही. दार आत येण्यासाठी उघडल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

७

पुढच्या शनिवारी ठोके पडले नाहीत.

प्रोकोपी नऊपासून जागा होता. पाइप गप्प, भिंत गप्प. साडेनऊ झाले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याच्या मानेतला ताठरपणा थोडा ढिला झाला. आज पडून राहायचं. उद्याही. लोक म्हणतील, बिचारा, बायको गेली, मित्र गेला, आता उठत नाही. म्हणू देत. बर्फ वितळेपर्यंत पडून राहायचं, पुढचं पुढे बघता येईल.

स्वयंपाकघरात खण थोडा उचलला गेला.

"मी जातोय!" प्रोकोपी ओरडला. पांघरूण जमिनीवर पडलं. "ऐकलंस का? मीच जातोय! राहू दे तो चमचा!"

खण थांबला.

इतक्या झटपट तो आयुष्यात कधी तयार झाला नव्हता. मोजे उलटे चढले, चरबीचा डबा हातातून निसटला. गुडघा दुखत होता, पाळीचा शीण होता, उणे बावन्न होतं. एकही सबब आठवली नाही. आपण नाही गेलो तर आपल्याऐवजी जाणारं तयार आहे आणि त्याची किंमत काय पडते ते त्याने शेजारच्या घरात पाहिलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराकडे न बघता तो बाहेर पडला.

कोपऱ्यावर लाल गळपट्टा बांधून ते उभं होतं.

प्रोकोपीने खांदे उडवले नाहीत. नुसता पळायला लागला. डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे, पावलं सुरू झाली. त्याने नजर समोरच्या चाकोरीवर रोवली आणि मनात आकडे मोजले. एक किलोमीटर. दोन. याचीही सवय होईल, त्याला वाटलं. दर शनिवारी उठायचं, जायचं, यायचं, डावीकडे बघायचं नाही. माणसं याहून वाईट गोष्टींसोबत जगतात. उन्हाळा येईल. मग पुढचा हिवाळा. त्याच्यापुढे असे किती शनिवार आहेत, हे त्याला मोजवेना.

पाचव्या किलोमीटरला मागून उजेड आला. कोळशाचा ट्रक होता. तो हळूहळू शेजारी आला आणि थांबला. काच चार बोटं खाली झाली. आत दुलुस्तान होता, पलीकडच्या काठावरचा तरुण ड्रायव्हर. त्याच्या केबिनमधून गाण्याचा आवाज येत होता.

"प्रोकोपी काका, तुम्हीच ना? मला वाटलंच. गावात दुसरा वेडा आहे कोण?" तो हसला. "म्हणजे आता आहेत म्हणा. मानलं तुम्हाला, या थंडीत तिघं तिघं!"

प्रोकोपी उभ्या उभ्या पाय हलवत राहिला. थांबलं की घाम गोठतो.

"तुमचं दोघांचं ठीक आहे, कडेने पळताय," दुलुस्तान म्हणाला. "पण त्या मागच्याला जरा सांगा. रस्त्याच्या मधोमध पळतोय. मी हॉर्न मारला तरी हलला नाही, शेवटी मीच गाडी काढली बाजूने. तुमच्या बॉयलरघरातलाच ना तो? जॅकेट तुमच्यासारखंच आहे."

प्रोकोपीने गळपट्टा खाली ओढला. थंडी छातीत घुसली. "किती मागे आहे?"

"होता एक अर्धा किलोमीटर." दुलुस्तानने आरशात पाहिलं. "आता जवळ आलाय. दणकून पळतो हं, काका! कोण आहे?"

प्रोकोपी चाकोरीकडे बघत पाय हलवत राहिला.

"बरं, जातो मी, इंजिन थंड पडेल." काच वर गेली. ट्रक पुढे सरकला. मागचे लाल दिवे थोडा वेळ दिसले, मग धुक्याने गिळले. गाण्याचा आवाजही गेला.

खांब अजून दोन किलोमीटर होता. मागे वळून घरी जायचं म्हटलं तर वाट त्या मागच्यावरूनच जात होती.

प्रोकोपीने गळपट्टा नाकावर ओढला आणि पळायला सुरुवात केली. आधी नेहमीच्या वेगाने, मग त्याहून जास्त. कानाजवळ त्याच्या श्वासाची सळसळ होत होती, एकट्याची. डावीकडची पावलं त्याच्याबरोबर राहिली, कसलीच घाई नसल्यासारखी. आणि मागे, रस्त्याच्या मधोमध, बर्फ करकरायला लागला होता.